पोलो खेळायला येण्याआधी

आम्ही इथे पोलो शिकवतो, म्हणजे घोड्यावर बसून लांब काठीने चेंडू मारायचा खेळ. आमच्या फाटकावरची पाटी वाचून जे गाडी थांबवतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "इथे पूर्वी पोलो खेळायचे का हो?" नाही. अलिबागजवळच्या चौल-रेवदंड्याच्या या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या, भाताची खाचरं आणि मासेमारी, एवढंच पिढ्यान् पिढ्या चाललेलं आहे. पाटीवर 'पुनरुज्जीवन' लिहा असं पाटी रंगवणाऱ्याने सुचवलं होतं, पण जे इथे कधी नव्हतंच ते पुन्हा जिवंत कसं करणार?

घोडे मात्र आले होते. बहामनी काळात चौल आणि दाभोळ ही घोड्यांच्या व्यापाराची बंदरं होती. अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून गलबतांत घालून आणलेले घोडे इथे उतरायचे आणि घाट चढून दख्खनच्या फौजांत जायचे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौललाच उतरला, विकायला एक घोडा बरोबर घेऊन. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि निकितिनला तो परत मिळवताना बरीच यातायात करावी लागली. सांगायचं एवढंच की खारी हवा आणि घोडा यांची ओळख इथे जुनी आहे.

खेळ तर आपल्याच देशातला. मणिपूरमध्ये तो 'सगोल कांगजेई' या नावाने फार पूर्वीपासून चालत आला आहे. एका बाजूला सात जण, बुटकी मणिपुरी तट्टं, गोलचे खांब नाहीतच. चेंडू शेवटच्या रेषेपार गेला की गोल. आसामातल्या कछारमधल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि चहाच्या मळेवाल्यांनी तो पाहिला, 1859 मध्ये सिल्चरला क्लब काढला आणि 1862 मध्ये कोलकात्यात दुसरा. तिथून तो इंग्लंडला पोचला. 'पोलो' हा शब्द बाल्टिस्तानातल्या बाल्टी भाषेतल्या चेंडूच्या 'पुलू' या नावावरून आला. मार्को पोलोचा काही संबंध नाही, हे दर शनिवारी कुणाला तरी सांगावं लागतं. इराणकडून आलेला चौगान, म्हणजे याच जातीचा खेळ, मुघल दरबारात होताच. अकबर अंधारातही खेळायचा, त्यासाठी पळसाच्या लाकडाचे चेंडू पेटवत, कारण ते लाकूड हलकं आणि बराच वेळ धुमसत राहणारं. आमच्या मागच्या टेकाडावर पळस आहेत. प्रयोग केलेला नाही, करणारही नाही.

आता खऱ्या पुनरुज्जीवनाची गोष्ट. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात मिडहर्स्ट गावाजवळ काउड्रे नावाची सोळा हजारांहून जास्त एकरांची इस्टेट आहे. तिथला जुना वाडा 1793 च्या आगीत जळाला, त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. पुढे ही इस्टेट पिअर्सन घराण्याकडे आली आणि 1910 मध्ये घरच्या मुलाने, हॅरल्डने, तिथे पोलो सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधला पोलो थांबलाच. हॅरल्डचा मुलगा जॉन, म्हणजे तिसरे लॉर्ड काउड्रे, 1940 मध्ये डंकर्कच्या माघारीत डावा हात गमावून परतला. पोलोत काठी उजव्या हातात आणि लगाम डाव्या. म्हणजे गेला तो नेमका लगामाचा हात. कृत्रिम हाताच्या आकड्यात लगाम अडकवून हा माणूस पुन्हा खेळला, आणि 1947 मध्ये त्याने इस्टेटीवर सामने परत सुरू केले. 1956 मध्ये तिथे गोल्ड कप ही स्पर्धा सुरू झाली. आज जगातले नामवंत खेळाडू तिच्यासाठी येतात. लोक म्हणतात, पैसा होता म्हणून जमलं. होताच. पण त्या काळात तिकडे पैसेवाले पुष्कळ होते, आणि इंग्लंडमधला पोलो उभा राहिला त्याचं श्रेय या एकाच माणसाला देतात. मैदान राखणं आणि घोडे पोसणं हे रोजचं, कंटाळवाणं काम आहे. ते त्याने केलं, असं आम्हाला वाटतं.

मोठ्या मैदानाचं माप 300 यार्ड बाय 200 यार्ड, म्हणजे साधारण साडेबारा एकर. कोकणात एवढी सलग सपाट जमीन मिळालीच, तर तिच्या सातबाऱ्यावर किती नावं निघतील ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून आम्ही छोटा प्रकार निवडला, अरिना पोलो: 300 फूट बाय 150 फूट, जेमतेम 41 गुंठे. चाराऐवजी तीन-तीन खेळाडू, आणि कडक चेंडूऐवजी हवा भरलेला मोठा चेंडू. दोन खाचरांमधला बांध काढून हे मैदान केलं. पावसाळ्यात तिथे भातच असतं. कापणी झाली की धसकटं उपटायची, भेगा मातीने बुजवायच्या, रोलर फिरवायचा. म्हणून आमचा हंगाम डिसेंबर ते मे. वडिलांना अजून वाटतं की भातानंतर तिथे वाल लावले असते तर निदान मडक्यात शेंगा भाजून पोपटी तरी झाली असती.

खेळातला महत्त्वाचा नियम एकच समजून घ्या: चेंडू ज्या रेषेत चालला आहे त्या रेषेवरून येणाऱ्याचा हक्क पहिला. त्याला आडवं जायचं नाही. रस्त्यावर जे आपण रोज करतो, नेमकं तेच इथे फाऊल. काठी उजव्याच हातात, डावखुऱ्यांनाही सूट नाही, कारण दोघे समोरासमोर आले तर टक्कर होईल. सामन्याचे भाग असतात, त्यांना चक्कर म्हणतात. एक चक्कर साधारण सात मिनिटांची. तेवढ्यात घोडा घामाने निथळतो, म्हणून प्रत्येक चक्करला घोडा बदलतात. खेळाडूची पत उणे 2 ते 10 अशी मोजतात, उणे 2 नवख्याची आणि 10 सर्वोत्तम खेळाडूची. तुमची उणे 2, आमचीही फार वर नाही.

पहिल्या दिवशी तुम्हाला लाकडी घोड्यावर बसवून काठी फिरवायला शिकवतो. दुसऱ्या सत्रात खरा घोडा, पण चेंडूशिवाय: आधी चाल, मग दुडकी. तिसऱ्या सत्रात चेंडू. यावरून रुसणारे असतात, विशेषतः ज्यांनी किनाऱ्यावर शंभर-दोनशे रुपयांत घोड्याची रपेट मारली आहे ते. पण तिथे लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो. ओहोटीच्या वेळी पुळणीवर सामना घ्या असाही आग्रह होतो. सुट्टीच्या दिवशी तिथे पोरंबाळं धावत असतात, आणि भरधाव घोड्यावरून फिरणारी काठी कुणाला ओळखत नाही. घोडे तिकडे फक्त संध्याकाळी पाय मोकळे करायला जातात, आल्यावर गोड्या पाण्याने त्यांचे पाय धुतो.

वय 12 च्या पुढे, वजन 85 किलोपर्यंत. ही मर्यादा घोड्यांच्या पाठीसाठी आहे, तेव्हा घासाघीस करू नये. हेल्मेट आमचं. फुल पँट आणि टाच असलेले बूट तुमचे. चपला किंवा सँडल घालून आलात तर लाकडी घोड्यावरही बसू देत नाही, पाय रिकिबीत अडकतो. मुंबईहून येणाऱ्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट सोयीची, गाडीसकट येता येतं. सकाळची सत्रं साडेसहाला सुरू होतात, नऊनंतर ऊन घोड्यांना झेपत नाही, त्यामुळे उशिरा आलात तर वेळ वाढवून मिळणार नाही. घोड्यांना गूळ, बिस्किटं, वडापाव काहीही देऊ नका. गाजर आणलंत तर आधी मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याच्या, हातात द्या.