काच कुठे वाकते, तिथे वेग गळतो

सांगलीत विश्रामबागेतल्या एका जुन्या व्यापारी इमारतीवर नवा फलक लागलाय : ‘गाळे भाड्याने देणे आहे. प्रकाशाच्या वेगाचे इंटरनेट.’ मालकांनी पदरमोड करून मजल्यामजल्यावर फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची बारीक तार नेली, हे उत्तमच. पण फलकामुळे एक गैरसमज पसरतो : फायबर चांगलं, कारण त्यातला संदेश तांब्याच्या तारेतल्यापेक्षा वेगाने धावतो.

काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. तांब्याच्या तारेतला संदेशही साधारण तेवढ्याच वेगाने धावतो! संदेश जातो तो लुकलुकीतून, आणि खरा फरक दोन गोष्टींत : सेकंदाला किती वेळा लुकलुकता येतं आणि ती लुकलुक किती लांब टिकते. इमारतीतल्या तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा 100 मीटर. 1970 साली कॉर्निंग या अमेरिकी काच कंपनीच्या शास्त्रज्ञांनी किलोमीटरभर अंतरानंतर 1 टक्का प्रकाश उरेल अशी काच केली, तेव्हा तो विक्रम होता. आजच्या काचेतून सांगलीहून कोल्हापूरइतकं अंतर कापल्यावरही दहावा हिस्सा शिल्लक राहतो.

प्रकाश काचेत कोंडून राहतो तो पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे, म्हणजे गाभ्याच्या भिंतीवर आदळून तो सगळाच्या सगळा आत परततो म्हणून. फायबरचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). भोवतीच्या काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती मंदावते याचं माप) गाभ्यापेक्षा जरासा कमी असतो, फरक अर्धा टक्काही नसतो, तरी तेवढा पुरतो. ज्याच्या पुढे प्रकाश आत परततो तो क्रांतिक कोन, भिंतीवरच्या लंबापासून मोजला तर, येतो सुमारे 85 अंश. म्हणजे भिंतीला जवळपास घासून जाणारा प्रकाशच आत परततो. फायबर काटकोनात मुडपलं की कोन 85च्या खाली येतो आणि प्रकाश बाहेर पडतो.

त्या इमारतीत नेमकं हेच झालं होतं. वास्तुशास्त्रात सांगितलंय म्हणून फायबरच्या यंत्राची पेटी आग्नेय कोपऱ्यात नेली आणि केबलला तीन काटकोन पडले. प्रकाशाला दिशा कळत नाही, कोन कळतो. अशा सल्ल्यापायी भाडेकरूंचं काम अडावं, याचा मला मनापासून राग येतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या सीएंच्या ऑफिसात राउटरशेजारच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता. तंत्रज्ञाने लाल लेझरचा पेन केबलच्या टोकाला लावला. दाराच्या चौकटीपाशी, खिळ्याखाली चेपलेल्या जागी पिवळी केबल आतून लालभडक उजळली. त्याने खिळा उपटला, केबलला हातभर सैल दिली, वाटीएवढं गोल वळण दिलं. तो लाल ठिपका विझला आणि डब्यावरचा दिवा हिरवा झाला.