नोकरी तीच, काम वेगळे : ‘जॉब क्राफ्टिंग’ची पार्श्वभूमी

नोकरी न सोडता हातातल्या कामाचाच घाट आपल्याला रुचेल असा बदलून घेणे, याला व्यवस्थापनशास्त्रात ‘जॉब क्राफ्टिंग’ म्हणतात. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अमेरिकी अभ्यासकांनी २००१ मध्ये एका शोधनिबंधातून ही संज्ञा रूढ केली. नाव अलीकडचे असले, तरी कामाची आखणी करायची कोणी, हा त्यामागचा वाद शंभर वर्षांहून जुना आहे.

अमेरिकी इंजिनिअर फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये त्याचे एक रोखठोक उत्तर दिले होते : आखणी इंजिनिअरने करायची, हात मजुराने चालवायचे. बेथलेहेम स्टील कंपनीत लोखंडाच्या लाद्या वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल हलवत असे. कधी उचलायचे आणि कधी बसायचे हे दुसऱ्याने सांगू लागल्यावर तो साडेसत्तेचाळीस टन हलवू लागला, असे टेलर यांनीच लिहिले आहे. त्याची मजुरी मात्र १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवरच गेली. १९१३ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात सरकती जुळणी-साखळी आली, आणि त्याच वर्षी तिथले कामगार सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्के होते, म्हणजे दर शंभर जागांमागे वर्षात ३७० जण सोडून जात. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर देऊ केले; काम होते तसेच राहिले.

या उत्तराला छेद देणारा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या शेजारी, अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये झाला, आणि या विषयावरच्या आजच्या लेखनात त्याचा उल्लेखही क्वचितच होतो, याचे आश्चर्य वाटते. कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ च्या सुमारास तिथे आले, तेव्हा स्वयंचलित साचे, म्हणजे कापड विणणारे माग, बसवूनही अपेक्षेइतके उत्पादन निघत नव्हते. साचेखात्यातले काम बारीक तुकड्यांत वाटलेले होते : विणकर वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तुटलेला ताणा सांधणारा वेगळा, तेल घालणारा आणि झाडणारा वेगळा, शिवाय प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या साच्यांची संख्याही निराळी, त्यामुळे कोण कोणाबरोबर काम करतो हेच ठरत नसे. काही साच्यांची जबाबदारी एका गटाने मिळून घ्यावी, ही कल्पना चर्चेत नुसती निघाली, आणि दुसऱ्या दिवशी कामगार स्वतःच गटांची योजना आखून घेऊन आले. घडी बसायला काही काळ गेला, पण पुढे उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. आपल्या गिरणगावातल्या साचेवाल्यांना यात नवल वाटले नसते. कामातल्या खाचाखोचा त्यांना जॉबरइतक्याच, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाइतक्याच, ठाऊक असत.

अमेरिकेत मात्र सुधारणेची सूत्रे वरिष्ठांच्याच हाती राहिली. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९६८ मध्ये बजावले की, एका कंटाळवाण्या कामाला दुसरे कंटाळवाणे काम जोडल्याने काम समृद्ध होत नाही. हॅकमन आणि ओल्डहॅम या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात चांगल्या कामाचे कौशल्यांची विविधता, कामाची पूर्णता, त्याचे महत्त्व, स्वायत्तता आणि परिणामांची जाण असे पाच गुण मांडले. मांडणी नेटकी होती, पण हे गुण कामात घालायचे साहेबाने, हे गृहीतच होते.

रेझनेस्की आणि डटन यांनी नेमके हे गृहीतक उलटवले. एका रुग्णालयातल्या सफाई कामगारांशी बोलताना त्यांना दिसले की, पद आणि नेमून दिलेले काम सारखे असूनही काहीजण आपल्याला निव्वळ झाडूपोछा करणारे समजत, तर काहीजण रुग्णांच्या बरे होण्यात आपला वाटा आहे असे मानून वागत. बेशुद्ध रुग्णांच्या कक्षात साफसफाई करणारी एक कामगार भिंतींवरच्या चित्रांची अधूनमधून अदलाबदल करत असे; भोवतालच्या बदलाने कदाचित रुग्णाला काही जाणवेल, ही तिची आशा. हे तिला कोणी सांगितले नव्हते. अशा निरीक्षणांतून तीन वाटा नोंदल्या गेल्या : प्रत्यक्ष कामे बदलणे, कामातले माणसांशी असलेले संबंध बदलणे आणि कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलणे.

त्यानंतर नेदरलँड्समधल्या मारिया टिम्स, आर्नल्ड बाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे वर्तन मोजण्याची प्रश्नावली तयार केली, आणि लवकरच कंपन्या त्याची प्रशिक्षणे घेऊ लागल्या. यात एक गंमत आहे : कामगार परस्पर जे करत होता, तेच आता वेळापत्रक लावून शिकवले जाते, आणि कामाचा बोजा किंवा तुटपुंजा पगार न बदलता समाधान शोधण्याची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडू शकते. मूळ निबंध याबाबत अधिक सावध होता. कर्मचाऱ्याने घडवलेला बदल संस्थेच्या फायद्याचाच असेल असे नाही, तो तिच्या उद्दिष्टांच्या विरुद्धही जाऊ शकतो, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.