फेला कुटी आणि जळून गेलेला सिनेमा

१८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे हजार सैनिकांनी लेगॉसमधल्या एका घराला वेढा घातला. आतल्या माणसांना बेदम मारलं, बायकांवर अत्याचार केले, पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका म्हातारीला वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकलं आणि मग घर पेटवून दिलं. हे घर होतं नायजेरियाचा गायक फेला कुटी याचं आणि ती म्हातारी त्याची आई, फुन्मिलायो. त्या आगीत वाद्यं गेली, ध्वनिमुद्रणाचं सामान गेलं आणि आणखी एक गोष्ट गेली, जिचा उल्लेख सहसा एका ओळीत उरकला जातो. फेला तेव्हा स्वतःच्या आयुष्यावर ‘द ब्लॅक प्रेसिडेंट’ नावाचा चित्रपट करत होता. त्याच्या ध्वनिफिती त्या घरात होत्या. त्या जळाल्या आणि तो चित्रपट कधीच लोकांसमोर आला नाही.

फेलावर पुढे जे जे माहितीपट झाले, ते मला या जळालेल्या सिनेमाच्या रिकाम्या जागेभोवती फिरताना दिसतात. स्वतःची गोष्ट स्वतः सांगायची त्याची संधी गेली. मग कॅमेरा इतरांच्या हातात आला, आणि जो आला तो आपापला फेला शोधत आला.

मुळात सैन्याला एका गवयाचा एवढा राग का यावा? कारण १९७६ सालचं ‘झॉम्बी’. हुकूम मिळाल्याशिवाय चालत नाही, थांबत नाही, विचारही करत नाही अशा सैनिकाची त्यात यथेच्छ टर उडवली होती. भाषा पिजिन इंग्रजी, म्हणजे लेगॉसच्या बाजारात भाजीवालीलाही कळणारी. बारा मिनिटांचं हे गाणं रस्त्यारस्त्यावर वाजायला लागलं. त्यात भर म्हणजे फेलाने आपल्या घराला ‘कलाकुटा प्रजासत्ताक’ असं नाव देऊन ते देशापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलेलं. हे नाव त्याने आधीच्या एका अटकेत पोलीस कोठडीत ऐकलं होतं. कैद्यांनी त्या कोठडीला ते दिलं होतं. त्याचा उगम आपल्या कलकत्त्यात, तिथल्या कुप्रसिद्ध अंधारकोठडीच्या, कोंडलेले इंग्रज कैदी गुदमरून मेल्याच्या कथेत असल्याचं बरेचदा सांगितलं जातं. साम्राज्याने फुगवलेली एक कथा आफ्रिकेतल्या तुरुंगात पोचून साम्राज्यानंतरच्या राज्यकर्त्यांच्याच अंगावर उलटावी, हे फेलाच्या तिरकस स्वभावाला साजेसंच.

हा बंडखोरपणा त्याला घरातूनच मिळाला होता. जन्म १९३८ चा, अबेओकुटा गावातला. वडील धर्मोपदेशक आणि मुख्याध्यापक. आईने गावातल्या बाजारकरणींची संघटना बांधली आणि बायकांवर लादलेल्या कराविरुद्ध असं आंदोलन उभं केलं की १९४९ मध्ये तिथल्या राजाला काही काळ गादी सोडावी लागली. मुलाने डॉक्टर व्हावं अशी घरची इच्छा होती. १९५८ मध्ये लंडनला गेलेल्या मुलाने नाव घातलं ते संगीताच्या कॉलेजात. तरीही राजकारण त्याच्या गाण्यात आलं ते बरंच उशिरा. १९६९ मध्ये बँड घेऊन तो अमेरिकेला गेला, लॉस एंजेलिसमध्ये त्याला सँड्रा इझिडोर भेटली, आणि तिने त्याच्या हातात अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स याचं आत्मचरित्र ठेवलं. आफ्रिकेतून आलेल्या माणसाला आपण आफ्रिकन आहोत म्हणजे काय, हे अमेरिकेत उमगावं, याची गंमत त्याला स्वतःलाही वाटत असणार. परतल्यावर ड्रमवर टोनी अ‍ॅलन आणि पुढे स्वतः फेला, अशा जोडीने आफ्रिकी ताल, जॅझ आणि फंक मिसळून जे घडवलं त्याला जग अफ्रोबीट म्हणतं. ‘रॅन्सम-कुटी’ या नावातला ‘रॅन्सम’ हा शब्द गुलामीचा म्हणून त्याने काढून टाकला आणि ‘अनिकुलापो’ घेतलं. अर्थ, मरण आपल्या बटव्यात बाळगणारा.

परदेशी कॅमेरा त्याच्यापर्यंत आगीच्या आधीच पोचला होता. ‘क्रीम’ बँडचा ड्रमर जिंजर बेकर १९७१ मध्ये गाडीने सहारा ओलांडून लेगॉसला आला. टोनी पामरने त्या प्रवासाचा चित्रपट केला, आणि त्यात तरुण फेला वाजवताना दिसतो. पण तो एका गोऱ्या पाहुण्याच्या सफरीतला एक मुक्काम म्हणून. दोन वर्षांनी ‘बीटल्स’मधला पॉल मॅकार्टनी आपला अल्बम ध्वनिमुद्रित करायला लेगॉसला उतरला, तेव्हा हा आपलं संगीत चोरायला आलाय असा थेट आरोप फेलाने केला. मॅकार्टनीने गाणी ऐकवून त्याची समजूत काढली. पाहुण्यांबद्दलचा हा संशय उगाच नव्हता.

मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटतो तो १९८२ चा फ्रेंच माहितीपट, ‘म्युझिक इज द वेपन’. जेमतेम तासाभराचा. दिग्दर्शक दोघे, फ्लोरी आणि चालगाजिएफ. फेला घरात नुसत्या चड्डीवर बसून बोलतो, आणि रात्री त्याच्या ‘श्राइन’ या क्लबात चेहऱ्याला रंग फासून मंचावर उभा राहतो. त्याच्यापुढे लेगॉसची तुडुंब गर्दी. इथे त्याची गोष्ट सांगायला बाहेरचा जाणकार आणलेला नाही, स्पष्टीकरण नाही. माणूस आहे, घर आहे, घाम आहे. फेलाची गाणी दहा-पंधरा मिनिटांच्या आत संपतच नाहीत. गायनाला तोंड फुटायच्या आधी वाद्यांचीच कितीतरी मिनिटं. सिनेमाच्या कात्रीला हे परवडत नाही, आणि म्हणून बहुतेक माहितीपटांत त्याचं संगीत घोट घोट मिळतं. इथे निदान तहान भागते.

या चित्रपटात फेला कडवट झालेला आहे, आणि त्याला कारण होतं. आई त्या पडण्यातून सावरली नाही. एप्रिल १९७८ मध्ये ती गेली. चौकशीत आग कुणी लावली याचं उत्तर ‘अज्ञात सैनिक’ असं निघालं. फेलाने त्याच शब्दांचं गाणं केलं, आणि १९७९ मध्ये आईची शवपेटी लष्करी राजवटीच्या दाराशी नेऊन ठेवली. त्याच साली निवडणूक लढवायला काढलेल्या त्याच्या पक्षाला मान्यताच मिळाली नाही. १९८४ मध्ये परकीय चलनाच्या किरकोळ आरोपावरून त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि त्यातले वीस महिने त्याने भोगले.

२ ऑगस्ट १९९७ ला तो गेला. दुसऱ्या दिवशी भाऊ ओलिकोये, जे स्वतः डॉक्टर आणि माजी आरोग्यमंत्री, त्यांनी पत्रकारांसमोर उघड सांगितलं की मृत्यू एड्समुळे झाला. ज्या आजाराचा उच्चारही तेव्हा लोक टाळायचे, त्याचं नाव देशातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूशी जोडणं सोपं नव्हतं.

यानंतरचे चित्रपट अडतात ते इथेच. फेलाने १९७८ मध्ये एकाच दिवशी २७ जणींशी लग्न केलं होतं. त्यातल्या बऱ्याच जणी त्याच्या नाचगाण्यातल्या, आगीच्या दिवशी मार खाल्लेल्या. हे संरक्षण की मालकी? २००९ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘फेला!’ या संगीतनाटकाने हा प्रश्न नाचात विरघळवला आणि एड्सला हात लावला नाही. अ‍ॅलेक्स गिबनीचा ‘फाइंडिंग फेला’ (२०१४) त्या नाटकाच्या तालमींना धरून पुढे जातो. नाटकाचे दिग्दर्शक बिल टी. जोन्स फेला या माणसाचं काय करायचं म्हणून चाचपडताना दिसतात. माझ्या मते चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक भाग हाच. बाकी दोन तासांत माहिती भरपूर, पण फेला अमेरिकन मंचाच्या चौकटीतून दिसतो. ब्राझीलच्या जोएल झितो अराउजो यांनी २०१९ च्या ‘माय फ्रेंड फेला’मध्ये दुसरी वाट धरली: फेलाचे मित्र आणि चरित्रकार, क्यूबात जन्मलेले कार्लोस मूर यांना सोबत घेऊन कृष्णवर्णीयांच्या जागतिक चळवळीतला फेला शोधायची.

हॉलिवूडमध्ये कथापटाची घोषणा झाली, दिग्दर्शक म्हणून स्टीव्ह मॅक्वीनचं नाव आलं, अभिनेते चिवेटेल एजिओफोर फेला होणार म्हणाले, आणि तो चित्रपट काही झाला नाही. नायजेरियात मात्र २०२४ मध्ये पडद्यावर एक रॅन्सम-कुटी आलीच. दिग्दर्शिका बोलान्ले ऑस्टेन-पीटर्स, चित्रपटाचं नाव ‘फुन्मिलायो रॅन्सम-कुटी’. अबेओकुटाच्या बाजारकरणी, कराच्या पावत्या, राजवाड्यापुढचा जमाव. मुलगा अजून लहान आहे, आणि कॅमेरा आईवर.