फाटकाचा रंग आणि भट्टीचे माप : पावडर कोटिंगची पार्श्वभूमी

लोखंडी फाटकाला आधी रेड ऑक्साईडचा आणि मग ऑईल पेंटचे दोन हात देण्याची रीत विदर्भातल्या खेड्यांत अजूनही सर्रास दिसते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, लोखंड तापते आणि रंगाचा थर कडक होत जातो; मृगाचा पाऊस आला की तो जोडापाशी तडकतो, आणि आत शिरलेले पाणी रंगाखालूनच गंज पसरवते. गोठ्याजवळच्या फाटकाची तर जनावरांच्या मूत्रातील क्षारांमुळे याहून लवकर वाट लागते. या कटकटीवर उपाय म्हणून पावडर कोटिंगचे, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी लावून ती भट्टीत भाजण्याच्या तंत्राचे, नाव आता तालुक्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातही ऐकू येते. परंतु हे तंत्र मुळात उन्हापावसासाठी जन्मले नव्हते, हे त्याच्या इतिहासावरून कळते.

जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात जी पद्धत विकसित केली, तीत बारीक प्लास्टिक भुकटीतून खालून हवा सोडली जाई, त्यामुळे ती भुकटी पाण्यासारखी हलू लागे आणि तापवलेली वस्तू तीत बुडवली की भुकटी वितळून तिला चिकटे. थर जाड बसे, अनेकदा २५० मायक्रॉनहून (पाव मिलिमीटरहून) अधिक. विद्युतरोधनासाठी आणि गंजापासून संरक्षणासाठी हे उत्तम होते, मात्र नाजूक जाळीकामासाठी नव्हे. १९६० च्या दशकात स्थिरविद्युत फवारणी आली. बंदुकीतून निघणाऱ्या भुकटीला विद्युतभार दिला जातो, वस्तू अर्थिंगला जोडलेली असते, म्हणून भुकटी तिच्याकडे ओढली जाते आणि ६० ते ८० मायक्रॉनचा पातळ थर पुरतो. खाली सांडलेली भुकटी गोळा करून पुन्हा वापरता येते, हा कारखानदारांना पटलेला फायदा.

त्या काळातील बहुतेक भुकट्या इपॉक्सी या कृत्रिम राळेच्या होत्या. इपॉक्सी लोखंडाला घट्ट धरून राहते, पण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी तिचा पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत होतो. म्हणून घराबाहेरच्या कामाला खरी दारे उघडली ती १९७० च्या दशकात उन्हात अधिक टिकणाऱ्या पॉलिएस्टर भुकट्या आल्यावर. त्याच सुमारास द्रव रंगांतील द्रावकांच्या (रंग पातळ ठेवणाऱ्या थिनरसारख्या द्रवांच्या) वाफांवर निर्बंध येऊ लागले होते (लॉस एंजेलिसचा नियम १९६६ चा), आणि १९७३ च्या तेलटंचाईने द्रावकही महागले. द्रावकच न लागणाऱ्या रंगाला त्यामुळे आपोआप मागणी मिळाली. ॲल्युमिनियमवरील कोटिंगसाठी १९८६ मध्ये झुरिच येथे क्वालिकोट ही प्रमाणन व्यवस्था उभी राहिली. फ्लोरिडाच्या दमट उन्हात नमुने ठेवून पारखण्याची तिची कसोटी विदर्भातल्या ग्राहकालाही विचारात घेण्याजोगी आहे.

तरीही खेड्यातील फाटकापर्यंत हे तंत्र उशिराच पोहोचले, आणि माझ्या मते त्याचे मुख्य कारण भट्टी हे आहे. फवारलेली भुकटी साधारण १८० ते २०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे भाजावी लागते. त्या उष्णतेत ती नुसती वितळत नाही, तिचे रेणू एकमेकांना जोडले जातात, आणि म्हणूनच पुढे उन्हात थर मऊ पडत नाही. ज्या भट्टीत फाटक मावत नाही, तिथे ते रंगवता येत नाही. कारखान्यात तयार होणारी कपाटे आणि खिडक्यांच्या पट्ट्या या मापात सहज बसतात. गावात जागेवर माप घेऊन जोडलेले फाटक मात्र ट्रॅक्टरवर लादून एमआयडीसीपर्यंत न्यावे लागते.

शिवाय थराचे आयुष्य भुकटीपेक्षा तिच्या खालच्या तयारीवर अधिक ठरते. तेल-ग्रीस काढणे, गंज उतरवणे आणि पकड वाढवणारा फॉस्फेटचा थर देणे यांतील एखादी पायरी टाळली, तर वरून चकचकीत दिसणारा थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. धारदार कडांवर भुकटी पातळ बसते आणि आतल्या कोपऱ्यांत ती नीट पोहोचत नाही, म्हणून वेल्डिंगचे थेंब आणि कडा आधीच घासून घेणे आवश्यक असते. सर्वांत मोठी खोट मात्र बसवताना होते: कोटिंग झालेले फाटक खांबाला वेल्डिंगने जोडले की जोडाभोवतीचा थर जळतो, उघडे पडलेले लोखंड तिथूनच गंजू लागते आणि त्यावर जागेवर द्रव रंगाचा हात मारण्यापलीकडे उपाय उरत नाही. बिजागरीचे जोड कोटिंगपूर्वीच लावून घेतले आणि जागेवर फक्त नट-बोल्ट आवळले, तर हा प्रश्न उद्भवत नाही.