नाव तेच, गाव वेगळं: युद्धानंतरच्या जर्मन दुनळी बंदुकांची पार्श्वभूमी

जर्मन दुनळी (दोन नळ्यांची शिकारीची बंदूक) हातात आली की आपण आधी कंपनीचं नाव वाचतो, सावर, मर्केल, सिमसन, आणि त्या नावावरच मनात किंमत धरून मोकळे होतो. गडबड इथेच होते, कारण १९४५ नंतर ही नावं आपापल्या जागी राहिलीच नाहीत.

मूळ गाव जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातलं सूल. पिढ्यान् पिढ्या बंदुकाच बनवणारं गाव, सावर कंपनी तर १७५१ पासूनची. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य तिथे पोचलं पण थुरिंगिया रशियनांच्या वाट्याला ठरलेला होता, म्हणून जुलैत अमेरिकन निघाले आणि सोव्हिएत फौज आली. तिथून गावातल्या कंपन्यांचे दोन भाग पडले म्हणा ना, काही पश्चिम जर्मनीत गेल्या, काही पूर्व जर्मनीतल्या सूललाच राहिल्या. सावर १९५१ ला पार बाल्टिकच्या काठावर एकर्नफ्योर्डेला नव्याने उभी राहिली, हाइम बव्हेरियात गेली, क्रीगहॉफ उल्मला. मर्केल सूललाच राहिली आणि सरकारजमा झाली. सूलच्या कारखान्यांनी सुरुवातीची वर्षं युद्धाची भरपाई म्हणून रशियाला शिकारीच्या बंदुका पाठवल्या, त्यात सावरच्या नावाच्याही होत्या, त्यामुळे नुसतं "सावर" वाचून काहीच कळत नाही, गाव बघावंच लागतं.

सिमसनची गोष्ट वाचली की मला अजून वाईट वाटतं. ज्यू कुटुंबाची कंपनी, १८५६ पासूनची, पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सैन्याला हत्यारं पुरवायची परवानगी मिळालेली. नाझी आल्यावर १९३५-३६ मध्ये ती जबरदस्तीने काढून घेतली आणि घरातल्या लोकांना देश सोडावा लागला. कारखान्यावरून त्यांचं नाव पुसलं. युद्धानंतर पूर्व जर्मनीने तेच नाव परत वापरलं, मोपेडवरही आणि दुनळीवरही, कुटुंबाला मात्र कारखाना मिळाला नाही. म्हणजे १९३० ची सिमसन आणि १९७० ची सिमसन यांच्यात नाव आणि गाव सोडून फारसं काही सारखं नाही, भाव एकच लावणं चूक.

मग ओळखायचं कसं, तर बंदूक उलटी करून. पुढचं लाकूड काढा, नळ्या वेगळ्या करा, आणि नळ्यांच्या खालचा चपटा भाग उजेडात धरा. तिथे चाचणीघराच्या, म्हणजे बंदूक तपासून पास करणाऱ्या ठिकाणाच्या, बारीक ठशांची गर्दी असते. मुकुटाखाली डब्ल्यू म्हणजे चोक असलेली (तोंडाशी थोडी अरुंद केलेली) नळी, एन म्हणजे नायट्रो पावडरची (बिनधुराच्या दारूची) चाचणी झालेली, उल्मच्या चाचणीघराचा ठसा हरणाच्या शिंगाचा. तारीखही तिथेच. सूलच्या बंदुकीवर ४५७ असेल तर एप्रिल १९५७. पश्चिमेकडे पुढे अक्षरं आली, ए म्हणजे ०, बी म्हणजे १ असं मोजत जायचं (जे गाळून), एचबी दिसलं की १९७१. एवढं वाचता आलं की विकणारा काय सांगतो ते ऐकायची गरजच उरत नाही.

भावाचंही बरंचसं तिथेच ठरतं. नळीच्या आतला व्यास मिलिमीटरमध्ये ठोकलेला असतो, १८.२ वगैरे, आज गेज (मापायचं साधन) घालून तो बराच जास्त भरला तर गंज काढायला कोणीतरी आतून घासलंय, भाव उतरलाच. मर्केलच्या ४७ई या मॉडेलमधला ई म्हणजे इजेक्टर, रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणारा. १४७ई वर शिकारीची चित्रं कोरलेली असतात म्हणून ती महाग, आणि एस वाली साइडलॉक (घोड्याची यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली) त्याहून महाग. सोळा बोरला (बोर म्हणजे नळीच्या जाडीचं माप, सोळाची नळी बारापेक्षा बारीक) गिऱ्हाईक बाराएवढं नाही. आणि जुन्या सोळा बोरची चेंबर (काडतूस बसायची जागा) बऱ्याचदा ६५ मिमीची असते, आजची काडतुसं ७० ची, काडतूस आत बसतं पण उडाल्यावर तोंड उलगडायला जागा नसते, दाब वाढतो. युद्धानंतरच्या बंदुका बहुतेक ७० च्या, पण बहुतेक म्हणजे सगळ्या नाहीत, तेव्हा ठसा वाचल्याशिवाय त्यात काडतूस घालूच नका.