फ्लूची लस टोचण्याआधीचे प्रश्न आले कुठून?

दवाखान्यात फ्लूची लस घ्यायला गेलं की सुई लागण्याआधी चार प्रश्न येतात. आज ताप आहे का? अंड्याची किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे का? मागच्या लसीनंतर काही त्रास झाला होता का? हातापायांतली ताकद जाण्याचा आजार कधी झालाय का? लस टोचून झाली की वर पंधरा-वीस मिनिटं बाहेर बाकावर बसायला सांगतात. पुष्कळांना हा नुसता सोपस्कार वाटतो आणि घाईघाईत "नाही, नाही" म्हणून ते मोकळे होतात. पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नामागे कुणाचं तरी दुखणं आहे. ते ठाऊक असलं तर उत्तरंही विचार करून दिली जातील.

सुरुवात फ्लूच्याही आधीपासून, मुंबईतल्या प्लेगच्या लसीपासून करायला हवी. ही लस बनवणारे जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना ती देण्यात आली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतली लस मिळाली होती. ठपका परळवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं. पुढे जे उघड झालं ते अगदी साधं होतं. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता त्यानं तोच वापरला. हाफकिन यांच्या नावावरचा हा डाग पुसायला १९०७ उजाडलं. परळच्या त्या संस्थेला १९२५ पासून त्यांचंच नाव आहे.

मला मुल्कोवालची हकीकत फार महत्त्वाची वाटते. लस चांगली होती, शास्त्र बरोबर होतं, आणि तरी माणसं गेली. बाटलीवर क्रमांक होता आणि कुणाला कुठल्या बाटलीतून दिलं याची नोंद होती, म्हणूनच खरं कारण शोधता आलं. आपल्या लसीच्या कार्डावर बॅच नंबर लिहून घ्यायचा तो याचसाठी. आज खासगी दवाखान्यांत फ्लूची लस बहुधा एकाच माणसापुरत्या, आधीच भरलेल्या ०.५ मिलिच्या सिरिंजमध्ये येते. अनेकांना पुरणारी बाटली असली तर तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सलसारखं द्रव्य घातलेलं असतं.

आता खुद्द फ्लू. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीच्या आसपास फ्लूची जागतिक साथ आपल्याकडे पहिल्यांदा जाणवली, सुरुवातीच्या रुग्णांत पोलीस शिपाई होते. पुढच्या काही महिन्यांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं मेली. त्या वेळी जगभर एका जिवाणूवर संशय होता आणि लशीही जिवाणूंच्याच बनवल्या जात होत्या. त्यांनी फ्लू अडणं शक्यच नव्हतं. खरा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये, लंडनच्या मिल हिल भागात, विल्सन स्मिथ, ख्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांच्या हाती. थोड्याच वर्षांत तो कोंबडीच्या फलित अंड्यात वाढवता येऊ लागला. अंड्याचा प्रश्न तिथून आला. लशीत अंड्यातल्या प्रथिनाचा अगदी सूक्ष्म अंश उरू शकतो, म्हणून कित्येक वर्षं अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना लस नाकारली गेली. दरम्यानच्या अनुभवातून ही भीती ओसरली. अमेरिकेत २०२३ पासून अशा लोकांसाठी वेगळी खबरदारीही सांगितली जात नाही. आधीच्या फ्लूच्याच लशीनं श्वास अडकणं, अंगावर गांधी उठणं असं काही झालं असेल, तर मात्र ते आवर्जून सांगायला हवं.

पहिली लस अमेरिकी लष्करासाठी थॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क यांनी तयार केली. १९४५ मध्ये ती सर्वसामान्यांसाठी मंजूर झाली आणि दोनच वर्षांनी निकामी ठरली, कारण विषाणू बदलला होता. दर वर्षी नवी लस घ्यावी लागते याची जाणीव तेव्हा झाली. विषाणूवर नजर ठेवणारं जागतिक आरोग्य संघटनेचं जाळं १९५२ मध्ये उभं राहिलं. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, आजची एनआयव्ही, आणि तीही आता त्या जाळ्यात आहे. सुरुवातीच्या लशीत मारलेला अख्खा विषाणू असायचा. त्यानं ताप यायचा, अंग ठणकायचं. पुढे शुद्धीकरण सुधारलं, विषाणूचे तुकडे करून लस बनू लागली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. आजच्या टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, तिच्यामुळे फ्लू होत नाही.

सगळ्यात मोठा धडा १९७६ चा. जानेवारीत अमेरिकेच्या न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स छावणीत सैनिक आजारी पडले, एक जण दगावला. विषाणू डुकरांमधल्या फ्लूचा निघाला आणि सगळ्यांना १९१८ आठवलं. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अख्ख्या देशाला लस देण्याची घोषणा केली. विमा कंपन्या जोखीम घेईनात, तेव्हा सरकारनं ती अंगावर घेतली. १ ऑक्टोबरला लसीकरण सुरू झालं आणि दहा-बारा दिवसांत पिट्सबर्गमध्ये लस घेतलेली तीन वृद्ध माणसं वारली. घबराट पसरली, काही राज्यांनी काम थांबवलं, फोर्ड यांनी कॅमेऱ्यासमोर लस घेतली. खरं तर त्या वयाची, हृदयविकार असलेली काही माणसं कुठल्याही दिवशी जातातच; लशीशी त्या मृत्यूंचा संबंध नव्हता. पण पाठोपाठ दुसरी बातमी आली आणि ती खरी होती. लस घेतलेल्यांत जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त दिसत होते, साधारण लाखामागे एक जादा. हा आजार पुण्याला २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता भागातल्या उद्रेकामुळे घरोघरी कळला; तिथे कारण दूषित पाणी होतं. अमेरिकेतली ती मोहीम १६ डिसेंबर १९७६ ला थांबली. चार कोटींहून अधिक लोकांनी लस घेतली होती आणि ज्या साथीसाठी हे चाललं होतं ती फोर्ट डिक्सच्या बाहेर पसरलीच नाही.

हे प्रकरण लपवलं गेलं नाही, मोजलं गेलं, ही यातली जमेची बाजू. त्यानंतर प्रत्येक फ्लू लशीनंतरच्या जीबीएसवर लक्ष ठेवलं जातं. आताच्या लशींत जादा धोका दिसलाच तर तो दहा लाखांमागे एक-दोन इतका असतो; फ्लूच्या आजारानंतर जीबीएस होण्याची शक्यता त्याहून जास्त आहे. तरीही आधी लस घेतल्यावर सहा आठवड्यांच्या आत हा आजार झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुन्हा लस घेऊ नये.

२०१० मध्ये ऑस्ट्रेलियात एका कंपनीच्या लशीनंतर पाच वर्षांखालच्या मुलांना तापात झटके येऊ लागले. तिथे लहान मुलांचं लसीकरण लगेच थांबवलं गेलं आणि पुढे ती लस लहानग्यांना देणं बंद झालं. ताप असताना लस पुढे ढकलतात, त्यामागे नंतरचा ताप कशाचा हे कळावं हाही हेतू असतो. साधी सर्दी असेल तर थांबायची गरज नाही.

महाराष्ट्राच्या स्मरणात आहे तो २००९ चा ऑगस्ट. स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर तपासणीच्या रांगा लागल्या, मास्क मिळेनासे झाले. २०१० मध्ये देशी लशी आल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस नाकात फवारायची होती आणि तिच्यात दुबळा केलेला पण जिवंत विषाणू होता, म्हणून ती गरोदर बायकांसाठी नव्हती. टोचायची लस मात्र गरोदरपणात घेता येते. राज्य सरकारनं २०१५ मध्ये गरोदर स्त्रियांना आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ती मोफत द्यायला सुरुवात केली ती याच आधारावर.

राहता राहिला हंगाम. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो, आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाळ्यात. श्रीनगरसारख्या उत्तरेकडच्या भागात मात्र थंडीत. जागतिक आरोग्य संघटना १९९८ पासून दक्षिण गोलार्धासाठी वेगळी शिफारस करते. आपला पावसाळा तिथल्या हिवाळ्याच्या वेळीच येतो, म्हणून खोक्यावर 'सदर्न हेमिस्फिअर' (दक्षिण गोलार्ध) आणि चालू वर्ष पाहावं आणि लस एप्रिल-मे मध्ये उरकावी. अंगात ताकद तयार व्हायला दोन आठवडे जातात. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात.

आणि एक. ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते. औषधाच्या दुकानातून घेऊन ती बर्फाच्या पिशवीत घालून नेणारे लोक दिसतात. बर्फाला चिकटून गोठली तर ती वाया जाते, आणि बाहेरून पाहून ते ओळखता येईलच असं नाही. त्यापेक्षा ज्यांच्या फ्रीजमध्ये लशी नीट ठेवलेल्या असतात अशा डॉक्टरांकडेच जावं आणि सिरिंज आपल्यासमोर खोक्यातून काढायला सांगावं.