जयविलास: किल्ल्याखालचा राजवाडा

ग्वाल्हेरचा जयविलास पाहायला गेलेला माणूस दरबार हॉलमधल्या झुंबरांपाशी थबकतोच. दोन झुंबरं, एकेकाचं वजन साडेतीन टनांच्या आसपास. ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून मजबुती पाहिली, ही गोष्ट गाईड सांगतोच सांगतो. पण हा महाल इथे खाली, सपाटीवर का, हे विचारायचं राहून जातं.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. तंबू गेले, वस्ती राहिली आणि नावही राहिलं: लष्कर. शिंद्यांचं बिऱ्हाड गोरखी वाड्यात होतं. समोरच्या चौकाला आजही महाराज बाडा म्हणतात. हिंदीच्या शेजारात आपल्या ‘वाड्या’चा ‘बाडा’ झाला. सरदारांच्या वस्त्या ‘गोठ’ म्हणून ओळखल्या गेल्या. चिटणीसांची गोठ अजून पत्त्यात आहे.

जून १८५८ मध्ये तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर आले तेव्हा शिंद्यांची बरीचशी फौज त्यांना जाऊन मिळाली आणि तेव्हाचे महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. इंग्रजांनी त्यांना गादीवर परत बसवलं, किल्ला मात्र स्वतःकडे ठेवला. म्हणजे १८७४ मध्ये जयविलास पुरा झाला तेव्हा वर बुरुजांवर इंग्रजी शिबंदी होती. खालच्या या युरोपीय थाटाकडे मी त्या नजरेनं पाहतो. नकाशा मायकेल फिलोजचा. हे इटालियन वंशाचं घराणं शिंद्यांच्या चाकरीत मुरलेलं. प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागताची घाई होती, असंही सांगतात. खांबांच्या तऱ्हा मजल्यागणिक बदलतात: टस्कन, डोरिक, कोरिंथियन.

जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी नंतरची, जयाजीरावांचे पुत्र माधवराव यांच्या हौसेची. ब्रँडी नि सिगार घेऊन ती रुळांवरून फिरायची. सुरई उचलली की थांबायची. पंगतीत वाढप्याला थांबवावं तसं!

माधवरावांचे पुत्र जिवाजीराव १९६१ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी विजयाराजेंनी १९६४ मध्ये महालाचा काही भाग त्यांच्या नावाने संग्रहालय म्हणून खुला केला. उरलेल्या भागात घराण्याचं राहणं चालूच आहे.

किल्ला परत मिळाला १८८६ मध्ये, झाशीच्या बदल्यात. त्याच वर्षी जूनमध्ये जयाजीराव वारले. शिंदे काही वर राहायला गेले नाहीत. पुढे तिथे सरदारांच्या मुलांची शाळा भरू लागली.